जुना फोन आणि दानाचा काळ

गेल्या आषाढीच्या मुक्कामात पंढरपुरास आमचे कीर्तन आटोपल्यावर, मंडळी बुक्का लावून घेऊन उठत असता, एक गृहस्थ मागे थांबले. मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, गेली कित्येक वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडात असतात. घराण्यात वारी आहे, म्हणून जमेल त्या वर्षी रजा काढून येतात. चारचौघांत विचारावे की नाही अशा संकोचाने ते म्हणाले, "बुवा, प्रश्न जरा वेडगळ आहे. तिकडं आम्ही फोन करारानं घेतो. दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे. करार संपला की कंपनी म्हणते, आता नवा घ्या. नवा येतो, आणि जुना चांगला चालता फोन घरातच राहतो. माझ्याकडं असे तीन झालेत. एक चुलतभावासाठी घेऊन आलोय. पण बाकीच्यांचं काय करावं? विकावे, कुणाला द्यावे, का ठेवावे? टाकवत नाही, आणि पडून राहिलेले बघवतही नाहीत."

जवळची दोन-चार मंडळी हसली. एक टाळकरी म्हणाला, "माउली, विचारात कशाला पडता, इकडं द्या की!" त्यावर हशा आणखी वाढला. आम्हास मात्र हसू आले नाही. "उद्या सांगतो," एवढे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ गावी निघून गेले. ते राहिलेले उत्तर आज येथे लिहीत आहोत.

हसू न येण्याचे कारण असे की, तोच प्रश्न आमच्या घरातल्या फडताळाच्या खणात एकदा निजला होता, आणि त्याचे उत्तर आम्ही वेळेवर दिले नव्हते.

इकडे करार-बिरार नसतो, परंतु चाल तीच. २०१८ च्या दिवाळीत चिरंजीवांनी आम्हास नवा फोन आणून दिला. जुना चालत होता. त्याची काच कोपऱ्यात तडकलेली होती, पण बोलणे ऐकू येई आणि चित्रे दिसत. (आमच्या बाजूस अशा फोनला 'डब्बा' म्हणतात. नवा येताक्षणीच जुना डब्बा होतो, आदल्या रात्रीपर्यंत तो फोनच असतो!) आम्ही तो पुसला, फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवला. मनात म्हटले, लागेल कधीतरी. त्याच खणात आमचे जुने चष्मे, बंद पडलेले घड्याळ आणि वडिलांची अडकित्ता होती. तेथे तो दोन वर्षे राहिला.

२०२० साली महामारीने शाळा बंद झाल्या. त्या वर्षी पालख्यादेखील पायी गेल्या नाहीत, पादुका एस.टी.तून पंढरपुरास न्याव्या लागल्या. आमच्या साथीत एक टाळकरी आहेत, रोजाने गवंडीकाम करतात. त्यांची मुलगी तेव्हा सातवीत होती. वर्ग फोनवर भरू लागले. घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामावर जाई आणि दिवस मावळता परत येई. मुलगी शेजारच्या घरी ओट्यावर बसून त्यांच्या मुलाच्या फोनात डोकावे. त्या घरच्यांस कधी रुचे, कधी न रुचे. हे सर्व आम्हास ठाऊक होते. बापाजवळ आम्ही हळहळलोसुद्धा! पण आपल्या खणात एक फोन आहे ही आठवण आम्हास आश्विन महिन्यात झाली. म्हणजे चार महिने ती पोर लोकांच्या ओट्यावर बसली, आणि आमचा फोन फडक्यात गुंडाळून निजला होता.

काढून पाहतो तो त्याची पाठ फुगून वर आलेली, काच एका बाजूने उचललेली. दुकानदाराने तो हातात घेताच परत दिला. म्हणाला, "बुवा, बॅटरी फुगलीय. आत वायू धरलाय. चार्जरला लावू नका, दाबू नका, टोचू नका, पेट घेईल. आणि ह्या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही." वर्ष संपल्यावर शाळेने परीक्षा न घेताच मुलीला आठवीत घातले. पण सातवीचे गणित तिचे तेथेच राहून गेले. पुढे दोन वर्षे बापाने रोजातून शिकवणीचे पैसे भरले.

आता आमचा दोष काय, हे शास्त्रबुद्धीने पाहू. आम्ही चोरी केली नाही. वस्तू आमची, ठेवणार आम्ही. कोणी मागितली आणि नाही म्हटले, असेही झाले नाही. कोणी असेही म्हणेल की, गृहस्थाने चार वस्तू राखून ठेवाव्यात, हा व्यवहारच आहे. शेतकरी कोठीत बियाणे ठेवतो, तो काय लोभी?

यावर आमचे म्हणणे असे की, बियाणे आणि फोन यांत मोठा भेद आहे. बियाणे ठेवणारा पेरणीचा महिना ओळखून ठेवतो. 'लागेल कधीतरी' या बोलण्यात मात्र कोणताच महिना नसतो. ज्या साठ्याला मुदत नाही त्याला संग्रह म्हणावे की विस्मरण म्हणावे, याचा आम्हास आजही निकाल लागत नाही. दुसरे असे की, तांब्याची घागर माळ्यावर वीस वर्षे पालथी घातली तरी घागरच राहते. फोनचे तसे नाही. त्यातली लिथियमची बॅटरी वापरली तरी झिजते आणि न वापरताही झिजते. पूर्ण रिकामी होऊन महिनोन् महिने पडून राहिली तर कायमची बिघडते. ठेवायचीच झाली तर अर्धी भरून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी, असे जाणते सांगतात. खेरीज आतली व्यवस्था वेळोवेळी सुधारून देण्याचे काम कंपनी काही वर्षेच करते. ती मुदत सरली की पुढे बँकेची वगैरे कामे त्यावर होईनाशी होतात. तात्पर्य, आपल्या खणात ही वस्तू जिवंत राहत नाही, रोज थोडी थोडी मरत असते. आणि ती मरत असता आपण तिचे मालक म्हणून निश्चिंत असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचा विचार करताना देश, काल आणि पात्र या तिघांची गणना आहे. आम्ही कीर्तनकार पात्रावर तास-तास बोलतो. कोण लायक, कोण नालायक, कोणास दिले असता पुण्य आणि कोणास दिले असता व्यसन वाढेल, यावर आमच्याजवळ दृष्टांतांची उणीव नाही. कालावर बोलायची पाळी आली की पर्वकाळ, ग्रहण आणि संक्रांत सांगून मोकळे होतो. पण वस्तूचाही एक काल असतो, हे आम्हास त्या फुगलेल्या फोनने शिकवले. कठोपनिषदात नचिकेत्याचा बाप सर्वस्वाचे दान करावयास बसतो आणि म्हाताऱ्या, भाकड गायी पुढे करतो. ते पाहून पोराचे मन उद्विग्न होते. ही कथा आम्ही उभ्या आयुष्यात शेकडो वेळा सांगितली आहे. त्या बापावर कोरडे ओढले आणि श्रोत्यांस हसविले. त्या गायी एके काळी दुभत्या होत्या, आणि तेव्हा त्याच्याच गोठ्यात होत्या, इकडे आमचे लक्ष गेले नव्हते. त्याने वाईट गायी निवडून दिल्या, एवढेच आम्हास दिसत आले होते. त्याने उशीर केला, हे दिसावयास आमचाच फोन फुगावा लागला.

असो. त्या गृहस्थांनी चुलतभावासाठी आणलेल्या फोनाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. भाऊ आमच्या ओळखीचाच निघाला, म्हणून हकीगत कळली. त्याने फोनात इकडचे सिम घातले, तो फोन ते घेईना. तिकडच्या कंपन्या पूर्वी आपल्याच सिमवर चालेल असा बांधून फोन देत. २०२१ च्या डिसेंबरपासून इंग्लंडात असे बांधलेले फोन विकण्यास बंदी झाली. हा त्याआधीचा होता. भावाने निरोप धाडला, तिकडून कंपनीला लिहून बंध सोडविला, त्यात तीन आठवडे गेले. इतके होईपर्यंत भावाने गावच्या दुकानातल्या पोराकडून फोन साफ पुसून घेतला. तो पुसला गेला खरा, पण चालू करताच मूळ मालकाचा पत्ता आणि परवलीचा शब्द मागू लागला. चोराच्या हाती पडलेला फोन निरुपयोगी व्हावा म्हणून ही योजना असते. येथे चोर कोणी नव्हता. तरी फोनच्या लेखी मालक इंग्लंडातच होता, आणि गावी बसलेला भाऊ परकाच होता.

आमचे गुरुजी आम्हास दानाचे लक्षण शिकवीत तेव्हा दोन गोष्टींवर बोट ठेवीत. आपली मालकी सुटली पाहिजे, आणि दुसऱ्याची मालकी उत्पन्न झाली पाहिजे. पहिली घडून दुसरी न घडली तर तो नुसता त्याग. रस्त्यावर टाकून दिलेली वस्तूही तशीच. पहिलीच घडली नाही तर मग वस्तू हाताने दिली काय आणि पेटीत घालून दिली काय, दान झालेच नाही. विद्यार्थिदशेत आम्हास हा शब्दांचा कीस वाटे. पन्नास वर्षांनी त्याचा अर्थ एका फोनाने दाखविला! म्हणून देणाऱ्याने आधी आपले खाते फोनातून काढावे, मग सेटिंगमध्ये जाऊन सर्व पुसावे, सिम आणि जादा कार्ड काढून घ्यावे. क्रम चुकू नये. आपल्याच्याने होत नसेल तर घरातल्या जाणत्या पोरास हाताशी घ्यावे. चार्जर द्यावा. बिल आणि खोके असेल तर तेही द्यावे. कारण गरिबाच्या हाती बरा फोन दिसला की लोक प्रथम विचारतात, कुठून आणलास? *#०६# दाबले असता फोनचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो चोरीचा म्हणून नोंदलेला आहे की काय, हे सरकारच्या संचार साथी या व्यवस्थेवर २०२३ पासून कोणासही पाहता येते. बिल हाती असले की घेणारा मान वर करून बोलतो.

विकावे का, असेही त्यांनी विचारले होते. खुशाल विकावे. त्यात कमीपणा नाही. वस्तूचा दोष सांगून, वाजवी दामाने विकली तर ती कोणाच्या तरी उपयोगी पडते. खणातल्या मरणापेक्षा ते शतपट बरे.

परंतु देण्यात वा विकण्यात एक अवघड जागा आहे, आणि तेथे आम्ही स्वतः जवळजवळ घसरलो होतो. २०२३ साली आमचा फोन पुन्हा बदलला. आदली ठेच लक्षात होती, म्हणून मनाशी म्हटले, महिन्याच्या आत देऊन टाकायचा. आळंदीस एक मराठवाड्यातला विद्यार्थी पखवाज शिकत होता. घरी आई एकटी, तिच्याशी बोलायला तो दुसऱ्याचा फोन मागे. त्यास देण्याचे ठरले. नातवास म्हटले, "ने आणि देऊन ये." नातू म्हणाला, "आजोबा, आतलं सगळं बघितलंत का? तसाच नेऊ?"

आम्ही पाहावयास बसलो आणि अंगावर काटा आला. कीर्तनकाराकडे लोक काय काय बोलतात ते आमचे आम्हास माहीत. पूर्वी ते पारावर, देवळाच्या मागे, नाही तर पत्राने बोलत. हल्ली फोनवर लिहितात, आपल्या आवाजात बोलून धाडतात. कोणाच्या मुलाने कर्ज केले, कोणाच्या सुनेला मार बसतो, कोणी दारू सोडली आणि पुन्हा धरली. एका बाईने आपल्या नवऱ्यासही जे सांगितले नव्हते ते आम्हास लिहिले होते. हे सारे त्या फोनात होते, आणि तो आम्ही एका अठरा वर्षांच्या पोराच्या हाती द्यायला निघालो होतो.

स्मृतिकारांनी ठेवीचा विचार बारकाईने केला आहे. आत काय आहे हे न सांगता बंद पेटी ठेवायला दिली तर तिला निराळे नाव आहे, आणि ती होती तशीच परत करावी, असा निर्बंध आहे. लोकांनी आमच्या कानी घातलेले दुःख ही तशीच ठेव. फोन आमचा होता, दाम आम्ही मोजले होते, पण आतल्यातले बहुतेक आमचे नव्हते. म्हणून देण्यापूर्वी पुसणे ही केवळ आपल्या बँकेच्या पैशाची काळजी नव्हे. ज्यांनी विश्वास टाकला त्यांच्याशी ते इमान आहे.

तर मग सगळेच पुसून मोकळे व्हावे काय? आम्ही तसे म्हणणार, इतक्यात नातवाने एक आवाज लावला. आमच्या फडावर तीस वर्षे वीणा घेऊन उभे राहिलेले एक वृद्ध २०२१ साली गेले. त्यांनी एकदा पहाटे काकड्याचा अभंग म्हणून आम्हास धाडला होता. मध्ये खोकला येतो, थांबतात, "बुवा, आवाज बसलाय," म्हणतात, आणि पुढचे चरण धरतात. त्यांच्या मुलाकडे बापाचा आवाज कोठेच नव्हता. बोटाच्या एका दाबाने तो आम्ही कायमचा घालवला असता, आणि घालविला हे आम्हास कळलेही नसते.

देहूची कथा सर्व वारकऱ्यांस ठाऊक आहे. तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली. पण बुडविण्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्यास दिला, आणि आपल्या वाट्याचीच बुडविली, असे कथा सांगते. आम्ही कीर्तनात बुडविण्यावर भर देतो, कारण तेथे टाळ वाजतात. वाटणीचा भाग एका वाक्यात उरकतो. त्या दिवशी खणाजवळ बसून आम्हास वाटले, विरक्तीची परीक्षा त्या वाटणीतच होती. आपले बुडवायला नुसते धैर्य लागते. दुसऱ्याचे कोणते, हे ओळखायला थांबावे लागते. आम्ही नातवाकडून तो आवाज वीणेकऱ्यांच्या मुलाकडे पोहोचविला. आणखी दोन-तीन छायाचित्रे ज्यांची त्यांस धाडली. मग सर्व पुसले. (याचा अर्थ फोन नदीत सोडावा असा कृपा करून कोणी घेऊ नये. चंद्रभागेत लोक काय काय सोडतात ते पाहून आम्ही हात जोडले आहेत.)

उरला मेलेल्या फोनचा विचार. आमचा फुगलेला फोन आम्ही भंगारवाल्यास देणार होतो. तो घेतही होता, दहा रुपये देतो म्हणाला. भंगारवाल्यास आम्ही नावे ठेवीत नाही. गावाची स्वच्छता तो आपल्याहून अधिक करतो. परंतु त्याच्या गाडीवरून अशी वस्तू पुढे कोठे जाते ते पाहावे. दिल्लीतले सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद ही गावे या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहेत. तेथे फोनच्या आणि यंत्रांच्या पट्ट्या उघड्यावर जाळून, आम्लात बुडवून तांबे आणि कणभर सोने काढतात. धूर माणसांच्या छातीत जातो, उरलेले आम्ल आणि राख मातीत व पाण्यात जाते. मुरादाबादेस रामगंगा आहे. आपल्या दहा रुपयांची फेड तेथे कोणाची तरी छाती करते.

सरकारने २०२२ साली या कचऱ्याचे नवे नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वस्तू करणाऱ्या कंपनीवरच तिच्या शेवटाची जबाबदारी त्यांत घातली आहे. शहरांतून असा कचरा घेणारी अधिकृत ठिकाणे आहेत. आमच्या तालुक्यास तसे ठिकाण नव्हते. म्हणून फुगलेला फोन आम्ही सुक्या वाळूच्या डब्यात घालून अंगणातल्या कोनाड्यात, घरापासून दूर ठेवला, आणि कीर्तनानिमित्त पुण्यास गेलो तेव्हा जपून नेऊन दिला. यजमानांनी विचारले, "बुवा, डब्यात काय, अंगारा?" आम्ही म्हटले, "आमची चूक आहे."

नवा फोन घेणे हेच चूक काय, असे एका तरुण वारकऱ्याने हे लिहिणे वाचून विचारले. आम्ही तसे म्हणत नाही. आमच्याही खिशात आहे, आणि एकादशीच्या गर्दीत चुकलेली म्हातारी माणसे त्याच्यामुळे सापडताना आम्ही पाहिली आहेत. पण बॅटरीतले कोबाल्ट बहुतांशी आफ्रिकेतल्या काँगो देशातून येते, आणि तेथल्या हाताने खोदलेल्या खाणींत लहान मुले राबताना आढळली आहेत. चालता फोन एक वर्ष अधिक चालविला तर आपले काही जात नाही. करार संपला म्हणून गरज उत्पन्न होत नाही, एवढे त्या इंग्लंडच्या गृहस्थांनी कंपनीस सांगावे. उरलेल्या दोन फोनांचे बंध सोडवून, आतले ज्याचे त्यास देऊन, जिवंत आहेत तोवर ते चालते करावेत. पुढच्या आषाढीची वाट पाहू नये. तिकडेही गरजू शेजारी असतीलच.

चुलतभावाचा फोन शेवटी चालू झाला. त्याची आई त्यावर पहाटे हरिपाठ लावते. पखवाजाचा विद्यार्थी रोज रात्री घरी बोलतो, असे त्याचे गुरुजी सांगतात. वर हसून म्हणतात, "जरा जास्तच बोलतो."

त्या टाळकऱ्याची मुलगी आता कॉलेजात जाते. परवा साथीला बाप आला तेव्हा तीही आली होती. हातात नवा फोन होता, बापाने हप्त्याने घेऊन दिलेला. आम्ही विचारले, "गणित कसं आहे, बाळ?" ती म्हणाली, "मी आर्ट्सला आहे, बुवा."